अकोल्याचं डांगाण समजून घ्यायचं असेल तर कड्यापासून सुरुवात करा

प्रश्न असा आहे: पाणी आणि उपजीविकेच्या कामासाठी अकोले तालुक्याच्या (जिल्हा अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) पश्चिम डोंगरी भागात, म्हणजे डांगाणात, तीन वर्षं राहायचं आहे. जाण्याआधी तिथला भूगोल, माणसं आणि समाज यांबद्दल काय माहीत असावं? आणि एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात तिथे टँकर का लागतो?

आधी तालुक्याची सरासरी डोक्यातून काढून टाका. ती अहवालात लिहायला सोयीची असते, पण तिच्यावर विसंबून केलेलं काम हमखास फसतं. घाटघर सह्याद्रीच्या ऐन कड्यावर आहे. तिथे चांगल्या वर्षी ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अकोले गाव तिथून सरळ रेषेत जेमतेम ३५ किलोमीटर पूर्वेला आहे आणि तिथे ५००-६०० मिलिमीटरवर समाधान मानावं लागतं. समुद्राकडून आलेले ढग कड्यावर चढताना रिकामे होतात आणि पलीकडे उतरणारी हवा कोरडी होत जाते. म्हणून कुठल्याही गावाबद्दल पहिला प्रश्न हा विचारा: कड्यापासून किती लांब? पीक कोणतं, गाय कोणती, घराची भिंत कशाची, माणसं दिवाळीनंतर गावात असतात की नाही, याचा निम्मा अंदाज त्या एका उत्तरावरून येतो.

आता कागद घ्या आणि हाताने नकाशा काढा. उत्तरेला कळसूबाईची रांग: कळसूबाई (१,६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर), तिच्या पश्चिमेला अलंग-मदन-कुलंग, पूर्वेकडे बितनगड, पट्टा. या रांगेपलीकडे इगतपुरी आणि सिन्नर. दक्षिणेला हरिश्चंद्रगडाची रांग, तिच्यापलीकडे जुन्नर. या दोन्हींच्या मधे बाळेश्वराची रांग, ती पूर्वेला संगमनेर तालुक्यात उतरते. पश्चिमेला रांग नाही, तिथे जमीनच संपते. साम्रदपाशी, घाटघरपाशी, कोकणकड्यावर उभं राहिलात की खाली शहापूर-मुरबाडचा कोकणपट्टा दिसतो.

रांगांच्या मधे तीन नद्या. रतनगडाला उगम पावणारी प्रवरा भंडारदरा, राजूर आणि अकोले असा मधला पट्टा धरून जाते. मुळा दक्षिणेच्या खोऱ्यातून आंबित, कोतूळ करत वाहते. आढळा उत्तर-पूर्वेला, समशेरपूर-देवठाणकडची. मुळा पुढे नेवासे तालुक्यात प्रवरेला मिळते आणि प्रवरा प्रवरासंगमला गोदावरीला. गाव कुठल्या खोऱ्यातलं आहे हे विचारल्याशिवाय अंतर मोजू नका. नकाशावर चार बोटं दिसणारी मुळा आणि प्रवरा खोऱ्यांतली दोन गावं रस्त्याने अर्ध्या दिवसाची असू शकतात, कारण मधे डोंगर आहे. बाजार, सोयरीक, दवाखाना हे सगळंही खोऱ्याप्रमाणेच चालतं. पश्चिमेच्या प्रवरा खोऱ्यातला माणूस राजूरला येतो, मुळा खोऱ्यातला कोतूळला. अकोल्याला जाणं होतं ते तहसील कचेरीच्या कामासाठी.

टँकरच्या प्रश्नाचं उत्तर खडकात आहे. हा सगळा डोंगर लाव्ह्याच्या थरांचा, एकावर एक रचलेल्या चुलीवरच्या भाकऱ्यांसारखा. काही थर घट्ट काळ्या पाषाणाचे, काही सच्छिद्र आणि ठिसूळ, आणि दोन थरांच्या मधे कुठे कुठे तांबड्या, चिकट मातीसारखा पातळ पट्टा. पावसाचं पाणी भेगांतून आणि ठिसूळ थरातून खाली मुरतं, तांबड्या किंवा घट्ट थरावर अडतं आणि तो थर डोंगराच्या कुशीत जिथे उघडा पडतो तिथे झरा होऊन बाहेर येतं. वाड्या डोंगराच्या मधल्या उंचीवर वसल्या त्या या झऱ्यांच्या आधाराने. पण वर मातीचा थर वीतभर आणि उतार उभा, त्यामुळे चार महिन्यांत पडलेलं बहुतेक पाणी दोन दिवसांत नदीला लागतं. थरांमधली साठवण लहान असते, ती फेब्रुवारी-मार्चपर्यंत पुरते. एप्रिल-मेमध्ये ओढ्याच्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीने पाणी भरावं लागतं. ५,००० मिलिमीटर पाऊस आणि कोरडा हंडा यांत म्हणूनच काही विसंगती नाही.

झऱ्याचं मोजमाप सोपं आहे आणि ते केल्याशिवाय एकही योजना लिहू नये. झऱ्याच्या तोंडाशी माती-दगडाचा छोटा बांध घालून सगळं पाणी एका नळीतून पडेल असं करा. आधी माप घेतलेली १५ लिटरची बादली धरा आणि मोबाइलच्या घड्याळावर सेकंद मोजा. तीनदा करून सरासरी घ्या. समजा १५० सेकंद लागले, तर मिनिटाला ६ लिटर, म्हणजे दिवसाला ८,६४० लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने हे पाणी १५७ माणसांना पुरायला हवं. पण वाडीत ४० मोठी जनावरं असली आणि उन्हाळ्यात एकेकाला ४५ लिटर धरलं, तर १,८०० लिटर तिथेच गेलं आणि उरलेलं पाणी १२४ माणसांचं झालं. शिवाय रात्रीचे दहा तास कोणी पाणी भरत नाही, त्या वेळात ३,६०० लिटर वाहून जातं. म्हणजे या वाडीची खरी गरज नवीन विहीर नसून झऱ्याखाली ४-५ हजार लिटरची झाकलेली टाकी असू शकते. मोजणी दर महिन्याला एकाच तारखेच्या आसपास करा. एप्रिलअखेरचा आणि मे महिन्याचा आकडा खरा, ऑक्टोबरचा आकडा बघून कोणीही फसेल.

चुका कुठे होतात तेही सांगतो, कारण त्या पुन्हा पुन्हा होतात. पाणी कमी झालं की झरा खोल करायचा मोह होतो. कोणी पहार लावतं, कोणी सुरुंग. खालचा अडवणारा पातळ थर फुटला की पाणी खाली निघून जातं आणि झरा कायमचा आटतो, किंवा पन्नास फूट खाली दुसऱ्याच्या शेतात निघतो. झऱ्याला हात लावायचा तो फक्त बाजूने: गाळ काढणे, तोंडाशी दगडी भिंत, वर झाकण, जनावरांसाठी खाली वेगळा हौद. दुसरी चूक झऱ्याच्या वरच्या बाजूला बोअर घेण्याची. तिसरी चूक सरसकट चर खणण्याची. पूर्वेला, ५००-७०० मिलिमीटरच्या पट्ट्यात, समतल चर उत्तम काम करतात. तेच चर कड्याजवळ खणले तर जुलैच्या एका रात्रीत तुडुंब भरतात, खालची कड फोडतात आणि घळी पाडतात. तिथे कारवी, गवत आणि झाडोरा राखणं हेच पाणलोटाचं काम. पाणी मुरवायची जागाही झऱ्याच्या बरोबर डोक्यावर असेलच असं नाही. थर ज्या बाजूला कललेले आहेत त्याच्या चढाच्या बाजूला ती असते, कधी कधी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, दुसऱ्या गावाच्या हद्दीत.

उताराबद्दल आणखी एक. जुन्नरपलीकडच्या आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गेलं आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. भूगोल तोच, पाऊस तसाच. पावसाळ्यात घराच्या वरच्या उतारावर नवी भेग दिसली, झाडं किंवा खांब अचानक कलले, स्वच्छ झऱ्याला गढूळ पाणी येऊ लागलं, दार चौकटीत अडकू लागलं, तर वाट बघायची नाही. त्याच दिवशी माणसं हलवायची आणि तहसीलला कळवायचं.

आता माणसं. तालुक्याची लोकसंख्या तीन लाखांच्या आत-बाहेर आणि त्यातले जवळजवळ निम्मे आदिवासी. पण इथेही सरासरी फसवते: कड्याकडच्या गावांत जवळपास सगळं गाव आदिवासी, तर पूर्वेला मराठा, माळी, वंजारी आणि इतर समाजांची वस्ती जास्त. पश्चिमेच्या या डोंगरी पट्ट्याला लोक डांगाण म्हणतात आणि तिथल्या माणसाला डांगाणी. तो शब्द तुम्ही कुठल्या सुरात उच्चारता याकडे समोरच्याचं लक्ष असतं.

डांगाणात संख्येने मोठा समाज महादेव कोळी. नावात कोळी असलं तरी किनाऱ्यावरच्या सोनकोळ्यांशी यांची गल्लत करू नका. हे डोंगरातले शेतकरी. भात, नाचणी, वरई आणि गुरं यांवर घर चालतं. मराठेशाहीत किल्ल्यांच्या आणि घाटवाटांच्या राखणीत हा समाज होता. इंग्रजी अंमल आला तशी ती कामं गेली, सारा रोखीत द्यायचा झाला आणि जमिनी सावकाराच्या वहीत जाऊ लागल्या. १८४०च्या दशकात देवगावच्या राघोजी भांगरे यांनी उठाव केला तो यातूनच. त्यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. हा इतिहास इथे पुस्तकातला नाही. कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही मागणाऱ्या माणसाकडे आजही संशयाने पाहिलं जातं, आणि तो संशय रास्त आहे. कुठलाही कागद आधी मोठ्याने वाचून दाखवा, एक प्रत त्यांच्याकडे ठेवा, मग सहीचं बोला.

दुसरा समाज ठाकर. यांच्या वाड्या बहुधा मूळ गावापासून लांब, जंगलाला टेकून. जमीन कमी, जंगलाची माहिती अफाट. कुठला कंद कधी खणायचा, कुठली रानभाजी किती उकळून पाणी टाकायचं हे ज्यांना विचारायचं ते हेच लोक. यांची बोली वेगळी आणि कांबडनाच वेगळा. गावची सभा मूळ गावात झाली तर ठाकरवाडीतलं कोणी येत नाही, आलं तर बोलत नाही. मग अहवालात ‘लोकांचा प्रतिसाद नाही’ असं लिहिलं जातं. प्रतिसाद हवा असेल तर सभा वाडीत घ्या, कामावरून परत आल्यानंतर, अंधार पडल्यावर. काही ठिकाणी कातकऱ्यांची चार-दोन घरं असतात. ती यादीतून सर्वांत आधी सुटतात, म्हणून ती आधी मोजा.

तिसरा, बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसलेला समाज कानडी, म्हणजे गुरं पाळणारे. डांगी गाईशी यांचं नातं जुनं. डांगी गाय नीट बघा: पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके-पट्टे, खूर काळे आणि कठीण. कातडीला हात लावला तर बोटांना तेलकट लागतं. त्या तेलामुळे पाणी अंगावर ठरत नाही आणि महिनाभर संततधारेत चिखलात उभी राहूनही ती टिकते. दूध थोडं देते म्हणून योजनांमधून तिच्या जागी संकरित गाय दिली जाते, आणि कड्याजवळ ती गाय पहिल्याच पावसाळ्यात खुरांनी आणि निमोनियाने खचते. पूर्वेला, समशेरपूर-देवठाणकडे, तीच संकरित गाय घर चालवते. राजूरला हिवाळ्यात डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, ते चुकवू नका. खोंडाची पारख करताना जुनी माणसं काय बघतात ते तिथे उभं राहून ऐकण्यासारखं असतं.

कामाची आखणी शेतीच्या पंचांगावर करा. फेब्रुवारी ते एप्रिल राब. भाताच्या रोपासाठी निवडलेल्या तुकड्यावर आधी शेणाचा थर, त्यावर झाडांचे टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यांत वर बारीक मातीचा पातळ थर. एका एकराच्या लागवडीला साधारण ४ गुंठे राब लागतो. जाळ वाऱ्याच्या उलट दिशेने लावायचा, म्हणजे तो धावत सुटत नाही, सावकाश धुमसत सरकतो आणि खालची माती भाजते. तणाचं बी मरतं, राख मिळते, पाऊस पडताच रोप जोमाने उठतं. जाळ भरभर पळाला तर नुसतं वरचं गवत जळतं आणि जूनमध्ये रोपाच्या बरोबरीने तण येतं. भाजल्यावर वळवाचा मोठा पाऊस आला तर राख वाहून जाते. राबासाठी झाडं छाटली जातात हे खरं, पण ‘राब बंद करा’ एवढंच सांगून काही होत नाही. मीटर-सव्वा मीटर रुंद गादीवाफ्यावर भाताच्या तुसाची काळी राख मिसळून एका शेतकऱ्याचं रोप चांगलं आलं, की पुढच्या वर्षी शेजारी आपणहून विचारायला येतात.

रोप २१-२५ दिवसांचं झालं की आवणी, म्हणजे भाताची लावणी. जुलैभर इरलं किंवा घोंगडी घेऊन सगळं घर चिखलात असतं. महिन्याभराहून जुनं रोप लावलं तर फुटवे कमी निघतात, म्हणून पाऊस लांबला की त्या वर्षीचं भात तिथेच घटतं. या दिवसांत सभा, प्रशिक्षण, सर्वेक्षण काहीही ठेवू नका. बाजारासाठी बहुतेक ठिकाणी इंद्रायणी लावतात, घरच्यासाठी काळभात, जिरवेल, आंबेमोहोर अशी जुनी वाणं अजून टिकून आहेत. ती टिकवण्याच्या कामासाठी याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. बियाण्याचा विषय निघाला की घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा. कणगीत काय, राखेत काय, आणि कुठलं बी कुठल्या वावराचं हे तिला ठाऊक असतं. उतारावर नाचणी, वरई, खुरासणी. आश्विन वद्य द्वादशीला बाकी महाराष्ट्रात वसुबारस असते, इथे ती वाघबारस. गुराखी घरोघरचं दूध-तांदूळ गोळा करून वाघोबाच्या ठिकाणी खीर शिजवतात.

भात झोडून झालं की स्थलांतर. नारायणगाव-ओतूरच्या भाजीपाला पट्ट्यात मजुरीला माणसं जातात, काही मुलाबाळांसह. मार्च ते मे हिरड्यासाठी बरीच परततात. कोवळा बाळहिरडा झाडावरून काढून कडक उन्हात काळा पडेपर्यंत वाळवायचा. ओल राहिली तर बुरशी धरते आणि भाव निम्म्यावर येतो. वाळवायला ताडपत्री आणि चार दिवस थांबायची ऐपत असेल तर व्यापाऱ्याला पडत्या भावाने द्यावा लागत नाही. छोटी मदत करायची असेल तर ती इथे करा.

धरणाबद्दल बोलताना जपून. भंडारदरा धरण १९२६ ला पूर्ण झालं, साठा ११ टीएमसी (अब्ज घनफूट). त्याचं पाणी गेली शंभर वर्षं खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या उसाला जातं. खाली निळवंडे झालं, त्याच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण ऑक्टोबर २०२३ मध्ये झालं. घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे: रात्री पाणी कोकणातल्या खालच्या धरणातून वर चढवायचं, मागणीच्या वेळी खाली सोडून वीज करायची. एवढं सगळं पाणी डोळ्यांसमोर असताना त्याच्या काठच्या वाडीतली बाई हंडा घेऊन चढ चढते. पाणीवापराचा हक्क खालच्या लाभक्षेत्राचा आहे आणि धरण दरीच्या तळाशी आहे, वाडी तीनशे फूट वर. हा अन्याय लोकांना पुरता समजतो. तुम्ही तो नव्याने समजावून सांगू नका, उपसा योजनेचं वीजबिल कोण भरणार याचा हिशेब घेऊन जा. वर्षभरात बंद पडलेल्या योजनांपैकी बऱ्याच त्या बिलापाशी अडलेल्या दिसतील.

कायद्यातल्या काही गोष्टी पाठ हव्यात. तालुक्याचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, पूर्वेचा नाही. गाव यादीत आहे का हे राजूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात तपासा. पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) लागू असेल तर वाडीला स्वतःची ग्रामसभा मिळू शकते. वाडीतल्या निम्म्याहून अधिक मतदारांचा ठराव करून तो उपविभागीय अधिकाऱ्याकडे द्यायचा. पंचायतीला पाच टक्के अबंध निधी (कशावर खर्चायचा हे वरून ठरवून न दिलेला) येतो, त्याचा खर्च ग्रामसभेत ठरतो. लांबच्या वाडीची पाण्याची टाकी यातून होऊ शकते. वनहक्काच्या वैयक्तिक दाव्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. दावे अडतात ते बहुधा मोजणीच्या नकाशापाशी, म्हणून सीमेवर शेजाऱ्याला आणि वनरक्षकाला एकाच दिवशी उभं करा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या गावांनाही वनहक्क कायदा लागू आहे, ‘अभयारण्य आहे, दावा चालत नाही’ असं कोणी म्हटलं तर ते चूक आहे. हिरड्यासाठी सामूहिक दावा वेगळा भरायचा.

पर्यटन शेवटी, कारण ते मोजक्या आठवड्यांचं आहे. मेअखेर ते जूनमध्यापर्यंत काजवे, जुलै-ऑगस्टला धबधबे, पुढे फुलं आणि किल्ले. बारी, रतनवाडी, साम्रद, पाचनई या गावांत जेवण-मुक्कामाचा पैसा येतो, शेजारच्या गावांत येत नाही. काजवे अंधारात एकमेकांना शोधतात. गाड्यांचे दिवे आणि टॉर्च झाडांवर पडले की लुकलुक थांबते आणि मीलन चुकतं. गाव ठरवून गाड्या बाहेर थांबवू शकतं, पण ते मेच्या आधी ग्रामसभेत ठरायला हवं.

पहिल्यांदा जायचं ते एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात जा. मुक्काम वाडीत करा, पहाटे चारला बायका पाण्याला निघतात तेव्हा परवानगी विचारून सोबत चला, रिकामी बादली आणि घड्याळ जवळ असू द्या. पहिला महिना वहीत आकडे फक्त झऱ्यांचे आणि घरांचे लिहा. योजनेचं नाव काढू नका.